टँकमधला पहिला मासा

खाऱ्या पाण्याचा नवा टँक लावून दिला की दोन-तीन दिवसांत फोन येतोच. “मॅडम, पाणी एकदम स्वच्छ झालंय. आता मासे कधी?” फोन करणाऱ्याला दोष देत नाही. त्याने लाखभर रुपये मोजलेले असतात, दिवाणखान्यातलं शोकेस हलवून जागा केलेली असते, चार फुटी काच जिन्याने वर चढवताना वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्या सोसायटीने पाहिलेलं असतं. एवढा खटाटोप करून दिसतं काय, तर दगड, वाळू आणि पाणी. पाहुणे येतात, वाकून बघतात आणि विचारतात, “मासे मेले का?”

मुंबईत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मत्स्यालय म्हणजे शाळेच्या सहलीत पाहिलेलं तारापोरवाला असतं. मरीन ड्राइव्हवरचं ते मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांनी तिथे काचेला नाक लावून मासे पाहिले. काचेमागे मासा नाही, असं चित्रच कोणाच्या मनात नाही. म्हणून रिकामा टँक बघवत नाही. या न बघवण्यावर आमच्या धंद्यात एक ठरलेला उतारा होता. त्याचं नाव डॅमसेल.

डॅमसेल म्हणजे प्रवाळांच्या आसऱ्याने राहणाऱ्या छोट्या माशांचं एक मोठं कूळ. दुकानात त्यांतले चार-पाचच प्रकार दिसतात. पांढऱ्या अंगावर तीन काळे पट्टे असलेला थ्री-स्ट्राइप, काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला डोमिनो, शाईसारखा निळा ब्लू डेव्हिल, पिवळ्या शेपटीचा आणखी एक निळा. मालवणला स्नॉर्केलिंगला गेलेल्यांनी पाव टाकला की भोवती गर्दी करणारे काळ्या पट्ट्यांचे मासे पाहिले असतील, तेही याच कुळातले. एवढंच काय, सगळ्यांचा लाडका ‘निमो’, म्हणजे क्लाऊनफिश, तोही यांचा सख्खा नातलग. डॅमसेल मरीन माशांत सर्वांत स्वस्त, पडेल ते खाणारा, आणि काटक. नवा टँक याच्याकडून सुरू करून घ्यायचा, हा जगभरचा रिवाज होता.

मी या धंद्यात आले ती क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका दुकानात, नव्वदच्या दशकाच्या शेवटी. मायक्रोबायॉलॉजीची पदवी होती, पॅथॉलॉजी लॅबमध्ये मन रमत नव्हतं. दुकानाच्या मालकांना सगळे चाचा म्हणायचे. माशाच्या नुसत्या पोहण्यावरून त्याला काय झालंय हे सांगणारी ती नजर होती, आणि आजही एखाद्या आजारी माशापुढे उभी राहिले की मी त्यांच्यासारखी मान वाकडी करून बघते. नव्या टँकचं त्यांचं गणित साधं होतं. मीठ विरघळवा, वाळूखालचा फिल्टर चालू करा, दुसऱ्या दिवशी पाच-सहा डोमिनो नाहीतर थ्री-स्ट्राइप सोडा. महिन्याने जे उरतील ते उरतील. “डोमिनो टिका, तो सब टिकेगा, बेटा.” मग एंजल, टँग, बटरफ्लाय असे भारी मासे विकायचे.

दुकानात तेव्हा दुसरंही एक वाक्य नेहमी कानावर यायचं. गिऱ्हाईक तोंड पाडून आलं की मासे मेले, तर त्याला सांगायचं, “घरावर काही येणार होतं, ते माशाने आपल्या अंगावर घेतलं.” हा समज आपल्याकडे जुना आणि घट्ट आहे. वास्तुशास्त्रवाल्यांनी ईशान्य कोपऱ्यात टँक ठेवायला सांगितलेल्या घरांत तर तो जास्तच. दुकानदाराला तो सोयीचा, गिऱ्हाइकालाही दिलासा देणारा. मात्र या समजुतीमुळे अमोनियाने मेलेल्या माशांची चौकशीच कधी होत नसे. जो माणूस संकट टळलं म्हणून हलका होऊन जातो, तो पाणी तपासायला कशाला आणेल?

टँकमध्ये त्या महिन्यात होतं ते असं. मासा खातो आणि त्याच्या शरीरात प्रथिनं मोडून अमोनिया तयार होतो. तो मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात जातो. समुद्रात हे कोणाच्या खिजगणतीतही नसतं, कारण पाणी अफाट आहे. काचेच्या डब्यात तो साठत जातो. पाण्यातच अमोनिया वाढला की कल्ल्यांवाटे तो बाहेर टाकता येत नाही, रक्तातच राहतो, कल्ले जळजळून सुजतात. सुटका एकच. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू दगडावर, वाळूवर, फिल्टरमधल्या भोकाभोकांत वस्ती करतात. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही याला ‘टँक सायकल होणं’ म्हणतो.

एवढा वेळ का, हे मला कॉलेजमुळे पटकन कळलं होतं. पोटातल्या ई. कोलायला चांगलं खाणं मिळालं तर वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतात. अमोनियावर जगणाऱ्या या जिवाणूंना दुप्पट व्हायला एक-एक दिवस लागतो, कधी त्याहून जास्त. त्यांना कितीही गोडीगुलाबीने सांगा, पार्टी शनिवारी आहे, ते ऐकत नाहीत.

आता यात काटक माशाचं काम काय? अमोनिया पुरवणं. चाचांचं आणि सगळ्यांचंच म्हणणं हे, की अमोनिया तर पाहिजेच, मग तो सोसणाऱ्या माशाकडून घ्यावा. ऐकायला बरोबर वाटतं. वहीत आकडे मांडले की गडबड दिसते. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टँक घ्या. त्यात साडेचारशे लिटर पाणी. माशाच्या खाण्यात चाळीस-पंचेचाळीस टक्के प्रथिनं धरली आणि प्रथिनांच्या साधारण १६ टक्के नायट्रोजन, तर एक ग्रॅम खाण्यातून सत्तरेक मिलिग्रॅम नायट्रोजन येतो. त्यातला थोडा माशाच्या अंगी लागतो. बाकीचा अमोनिया होऊन पाण्यात आला तरी साडेचारशे लिटरमध्ये रोजचे ०.१ पीपीएम होतात. आणि इंच-दीड इंचाचे दोन डॅमसेल दिवसाला एक ग्रॅम खातच नाहीत, त्याच्या कितीतरी कमी खातात. म्हणजे दोन मासे सोडले तर जिवाणूंची वस्ती त्या दोन माशांपुरतीच होणार. महिन्याने गिऱ्हाईक खूश होऊन एकदम पाच मासे आणतो, आणि अमोनिया तिथून पुन्हा चढतो. भारी मासे मरतात ते तेव्हा. ‘टँक तर सायकल झाला होता’ हे वाक्य मी अशा वेळी फार ऐकलंय. वस्ती दमदार व्हायला हवी तर पहिल्याच दिवशी दहा-बारा डॅमसेल कोंबावे लागतात, आणि मग ते सगळे त्या विषात महिनाभर.

खाऱ्या पाण्यात हे विष जास्त जहाल असतं, हे गोड्या पाण्यावरून इकडे आलेल्या लोकांच्या लक्षात येत नाही. पाण्यातला सगळा अमोनिया सारखा घातक नसतो. त्यातला जो भाग विद्युतभाररहित असतो तो कल्ल्यांतून थेट आत शिरतो, आणि पीएच वाढला की हाच भाग वाढतो. पीएच ७ असलेल्या साध्या टँकमध्ये हा भाग अर्धा टक्का असेल. मरीन टँकचा पीएच ८.१ ते ८.३ ठेवावा लागतो. तिथे तो दहापट किंवा त्याहून अधिक होतो. मुंबईच्या मे महिन्यात चिलर नसलेल्या टँकचं पाणी तीस-बत्तीस अंशांवर जातं, तेव्हा आणखी चढतो. नायट्राइटचं मात्र उलट. गोड्या पाण्यात तो माशांचा काळ, पण समुद्राच्या पाण्यातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. म्हणून नायट्राइट चढलेल्या मरीन टँकमध्ये मासे निवांत दिसतात. गिऱ्हाइकाने टेस्टचा जांभळा रंग बघून घाबरून रात्री अकराला फोन केला तर मी झोपेतही सांगू शकते, काही करू नका, उद्या बघू.

आणि डॅमसेल काटक कशाने? यावर मी पुष्कळ विचार केलाय. प्रवाळांच्या आसपासच्या पाण्यात अमोनिया जवळजवळ नसतोच. थ्री-स्ट्राइप फांद्यांच्या प्रवाळात घोळक्याने राहतो, धोका दिसला की सगळे मिळून फांद्यांत शिरतात. डोमिनोची पिल्लं समुद्रफुलाच्या विषारी हातांत दडून वाढतात. त्यांच्या पिढ्यानुपिढ्यांत कोणाला अमोनिया सोसायची वेळ आलेली नाही. ते सोसतात ते जीव लहान, खाणं सोपं आणि घाबरट स्वभाव नाही म्हणून. एखादा टँग बदललेल्या पाण्यात आठ-आठ दिवस खात नाही, काचेवर आपटतो, खंगतो. डोमिनो दुसऱ्या दिवशी खायला वर येतो. गिऱ्हाईक म्हणतो, खातोय म्हणजे ठीक आहे.

इथेच काटक मासा फसवतो. जवळून बघितलं तर त्याचे कल्ले मिनिटाला नेहमीपेक्षा किती जोरात उघडझाप करतायत ते दिसतं. पॉवरहेडच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या तोंडाशी, जिथे पाणी खळाळतं, तिथे तो सारखा जाऊन उभा राहतो. रंग काळपट झालेला. पंखांच्या कडा फाटल्यासारख्या. पण खाणं पडलं की झेपावतो, आणि बघणाऱ्याला तेवढंच दिसतं. नाजूक मासा लगेच मरून पाण्याबद्दल काही सांगून तरी जातो. काटक मासा काही सांगत नाही. पाणी कसं आहे हे त्याच्याकडे बघून ओळखायचं म्हणजे ज्याला ताप आला तरी कामावर जायची सवय आहे अशा माणसाला, तब्येत कशी आहे, असं विचारण्यासारखं.

पाण्याचं खरं टेस्टिंग किटच सांगतं. काचेच्या नळीत पाच मिलीलिटर पाणी, दोन बाटल्यांतले आठ-आठ थेंब, पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, हिरवट झालं तर आहे. वाचायला सोपं वाटतं, पण मरीन टँकवर निळे एलईडी लावलेले असतात आणि त्या उजेडात पिवळंही हिरवं दिसतं. मी नळी आणि रंगांचं कार्ड घेऊन सरळ गॅलरीत जाते, नाहीतर टँक एखाद्या दवाखान्यातला असेल तर बाहेर पायऱ्यांवर. पेशंट बघत राहतात. एका आजींनी विचारलं होतं, “रिपोर्ट कुणाचा, बाळ?”

दुसरी गोष्ट रोगाची. समुद्रातून पकडलेल्या माशांबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी येतो, क्रिप्टोकॅरिऑन. धट्ट्याकट्ट्या डॅमसेलच्या अंगावर दोन-तीन ठिपके येतात आणि जातात, त्याला काही होत नाही. परजीवी मात्र वाळूत पडून फुटतो आणि नव्याने पोहायला लागतो. पुढे आणलेला निळा टँग आठवड्यात रव्याने माखल्यासारखा होतो. उपचार तांब्याचा, आणि तांबं कोळंबी, शंख, खेकडे सगळ्यांना मारतं, म्हणून ते मुख्य टँकमध्ये घालता येत नाही. मासे बाहेर काढून वेगळ्या टँकमध्ये औषध द्यायचं आणि मुख्य टँक दोन-अडीच महिने माशांविना ठेवायचा, म्हणजे परजीवी उपाशी मरतो. ज्या रिकाम्या टँकला गिऱ्हाईक पहिल्या महिन्यात कंटाळलं होतं, तोच आता आणखी अडीच महिने. नुसतं टँक बसवायला स्वस्तातला मासा वापरला म्हणून हे झालं, असं मी तोंडाने म्हणत नाही, पण हिशोब मांडून दाखवते.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे हा मासा मरत नाही. टँक सुरू करून द्यायला आणलेला पाहुणा घरमालक होतो. अंड्यांवर पहारा देणारा डॅमसेल नर समुद्रात पाणबुड्याच्या अंगावरही जातो, हे वाचलं होतं. परळच्या एका दातांच्या डॉक्टरांकडे ते मी अनुभवलं. त्यांच्या टँकला कोणीतरी आधी डोमिनो सोडून सायकल केलं होतं. चार सोडले होते, उरला एक. दोनेक वर्षांत तो तळहाताएवढा झाला. नवा मासा सोडला की संध्याकाळपर्यंत त्याची शेपटी नाही. डॉक्टर वैतागले होते, कारण दाढ काढायला आलेल्या लहान मुलांना ते टँकसमोर बसवायचे आणि तिथे मारामारी चाललेली.

त्याला काढायला गेले रविवारी, दवाखाना बंद असताना. जाळीने पकडणं अशक्य, तो दगडांच्या बोगद्यातून या बाजूने शिरतो आणि त्या बाजूने निघतो. आधी पाण्याच्या बाटलीचा सापळा केला: वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवायचा, मासा नरसाळ्यातून आत जातो आणि त्याला बाहेरची वाट सापडत नाही. आमिषाला सोललेल्या कोळंबीचा तुकडा. डोमिनो आला, बाटलीभोवती दोन फेऱ्या मारल्या, तोंडाने बाटलीच ढकलली, आणि आत शिरला तो गोगलगायीसारखा शंखातला खेकडा. कोळंबी त्याने खाल्ली. मग माझ्या मदतनिसाने आणि मी बादल्या लावल्या, पाणी उपसून वीतभर ठेवलं, एकेक दगड उचलून ओल्या टॉवेलखाली ठेवला. शेवटचा दगड उचलेपर्यंत तो त्याच्याखालीच. हात घातला तर मनगटावरच्या लवेला चावून ओढत होता. जाळीत आला तेव्हाही फडफडला नाही, कल्ले पसरून टकाटका आवाज काढत राहिला. डॉक्टर बाजूला उभे होते. म्हणाले, “मॅडम, याला भूल देऊ का?”

त्या दगडांबद्दल थोडं. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ साली दाखवून दिलं होतं की समुद्रातून आणलेला जिवंत खडक आणि थोडे हवेचे बुडबुडे एवढ्यावर मरीन टँक चालतो, कारण जिवाणू खडकाबरोबरच आलेले असतात. जगात पुढे तीच पद्धत रूढ झाली आणि डॅमसेलची गरज बरीच कमी झाली. आपल्याकडे तो रस्ता नाही. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत प्रवाळं आली, समुद्रघोडेही आले. त्याआधी क्रॉफर्डला वाळलेली पांढरी प्रवाळं शोभेसाठी ढिगाने विकायला असत, हे मी स्वतः पाहिलंय, आणि तो ढीग आठवला की कायदा झाला ते बरंच झालं असं वाटतं. आम्ही कोरडा, निर्जीव दगड वापरतो किंवा भट्टीतला सिरॅमिक. म्हणजे आपली सुरुवात खरोखर शून्यापासून. म्हणून इथे ‘काटक मासा सोडा’ हा सल्ला इतरांपेक्षा जास्त काळ टिकला असावा.

चाचांशी माझा वाद झाला तो यावरूनच, पण भांडण असं कधी नाही. मी म्हटलं, मासा नको, नुसता अमोनिया घालू. ते म्हणाले, कुठून आणशील? मी भुलेश्वरहून नवसागर आणला. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करताना वापरतात तोच, म्हणजे अमोनियम क्लोराइड. चाचांना हे फार आवडलं. त्यांच्या लहानपणी मोहल्ल्यात कल्हईवाला यायचा, तो धूर, तो वास त्यांनी मला वर्णन करून सांगितला. टँकसाठी पुढे मी प्रयोगशाळेचं शुद्ध अमोनियम क्लोराइडच घ्यायला लागले, कारण बाजारच्या नवसागरात दुसरं काय असेल याची खात्री नसते. साडेचारशे लिटरला तीन ग्रॅमच्या आसपास घातलं की अमोनिया २ पीपीएमला जातो. पुढे रोज तपासायचं. उतरला की पुन्हा घालायचा. २ पीपीएम एका दिवसात शून्यावर आला आणि नायट्राइटही उरला नाही, की पाण्याचा मोठा भाग बदलायचा आणि मग मासे. वस्ती दमदार झालेली असते, दोन नव्हे, चार-पाच मासे एकदम झेपतात.

काही जण बाजारातून आणलेली कोळंबी टँकमध्ये कुजवतात. चालतं तेही. पण बंद फ्लॅटमध्ये चौथ्या दिवशी जो वास सुटतो त्यावरून एका जैन कुटुंबाने मला घराबाहेरच उभं केलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

मासाच हवा असा हट्ट असेल तर मी ब्लॅक मॉली सुचवते. मॉली खाडीच्या तोंडच्या पाण्यातला मासा. गोडं, मचूळ, खारं अशा पाण्यांत ये-जा करण्यासाठीच त्याचं शरीर बनलेलं आहे. थेंबथेंब खारं पाणी सोडून सहा-आठ तासांत तो पूर्ण समुद्राच्या खारेपणाला सरावतो. गोड्या पाण्यात वाढवलेला असल्याने समुद्री परजीवी घेऊन येत नाही. भांडखोर नाही, शेवाळ खातो. अमोनिया त्याच्यासाठीही विषच, तेव्हा अमोनियात मी त्यालाही सोडत नाही. सायकल संपल्यावर, घरच्यांच्या डोळ्यांना काहीतरी हलतं दिसावं म्हणून. दुकानांतून यावर नाक मुरडतात, कारण मॉलीवर नफा नाही.

हे सगळं गिऱ्हाइकाला समजावताना माझ्या लक्षात एक आलं. चाचांच्या दुकानात डॅमसेल सोडले जायचे ते जिवाणूंसाठी नव्हतेच मुळी. ते गिऱ्हाइकासाठी होते. माणसाला महिनाभर रिकामी काच बघवत नाही आणि दुकानदाराला महिनाभर गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ द्यायचं नसतं. म्हणून अमोनियम क्लोराइडची पुडी देऊन भागत नाही. आता मी टेस्ट किट घरातल्या मुलाच्या हातात देते आणि फ्रिजवर चिकटवायला तक्ता. पहिले काही दिवस हिरवं, मग नायट्राइटचं जांभळं, मग ते फिकट होतं. मधेच काचेवर तपकिरी थर चढतो. तो डायटमचा, नव्या टँकमध्ये येतोच, आपोआप जातो. मुलं तक्ता भरतात आणि वडिलांना सांगतात, अजून नाही. वडिलांना मी सांगून पटत नाही ते मुलाचं पटतं.

पहिला मासा काटक हवा, हे मी आजही मानते. फक्त टँक तयार झाल्यानंतर. शक्यतो क्लाऊनफिशची जोडी, तीही हॅचरीत वाढलेली. आपल्याकडे मंडपमच्या केंद्रीय मत्स्यसंशोधन केंद्राने क्लाऊनफिशचं प्रजनन जमवून बरीच वर्षं झाली, आणि ऐरोलीलाही कांदळवन प्रतिष्ठानची शोभेच्या समुद्री माशांची हॅचरी झाली आहे. हॅचरीतला मासा लहानपणापासून काचेत वाढलेला, तयार खाणं खाणारा. क्लाऊन आधी, मग गोबी, ब्लेनीसारखे शांत, टँग सर्वांत शेवटी, आणि प्रत्येक वेळी दोन-तीन आठवड्यांची फट. ज्याने जागा आधी बळकावली त्याचंच राज्य, हा माशांचा नियम दादरच्या लोकलसारखाच कडक आहे.

परळचा तो डोमिनो माझ्या वर्कशॉपमध्ये आहे. कोणी घ्यायला तयार नव्हतं. आधी तांब्याच्या औषधात ठेवून, मग नुसता निरीक्षणाखाली ठेवून तो निरोगी आहे याची खात्री केली आणि मोठ्या टँकमध्ये सोडला. त्यात दुसरा मासा नाही. आहेत ते फक्त क्रेटभर कोरडे दगड आणि सिरॅमिकच्या कांड्या. डोमिनो भरपूर खातो, आणि त्याच्या जिवावर त्या दगडांवर जिवाणूंची वस्ती फोफावते. एखाद्या हॉटेलला उद्घाटनाची तारीख पाळायची असेल, तर त्यांच्या टँकमध्ये यातले वीसेक किलो दगड ओल्या कापडात गुंडाळून नेते, आणि त्यांच्या जागी नवे कोरडे दगड डोमिनोच्या हवाली करते. टेम्पो सायनला अडकला की दगडांवर खारं पाणी शिंपडत बसायचं. दगड लावले, अमोनिया घालून बघितला, दुसऱ्या दिवशी नळी पिवळी आली, की हॉटेलवाल्यांना मासे सोडता येतात. काम चोख होतं, अडचण बिलाची येते. ‘जुने दगड, २० किलो’ असं लिहिलं की हॉटेलचा अकाउंटंट हमखास फोन करून विचारतो, मॅडम, जुन्या दगडांचा दर नव्यापेक्षा चौपट कसा काय?